साखरेचं विरजण

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी, वहिनी, तुम्ही गेलात. घरीच, स्वतःच्या खाटेवर. तुमचा मिलिंद उशाशी होता, मी दारात उभा होतो. डॉक्टर आले, त्यांनी खात्री केली, आणि मग आम्ही फोन करायला लागलो.

बातमी एवढीच. जन्म कुठला, मागे कोण कोण, हे सगळं पेपरात छोट्या चौकटीत आलं आहे. ती चौकट मीच लिहिली. निवृत्त झालो असलो तरी पेपरात लोकांच्या घरच्या अशा चौकटी तपासण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं. त्यात तुमचा उल्लेख ‘गोळ्यांच्या कारखान्याच्या संचालिका’ असा आहे. तुम्ही वाचलं असतंत तर म्हणाला असतात, “संचालिका म्हणे. भाऊजी, मी साखर ओढते. तेवढं लिहायचं की.”

ते लिहिण्यासाठी चौकट पुरत नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

तुम्ही लग्न होऊन येवल्याहून आलात तेव्हा मी कॉलेजात होतो. नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत, ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानांना लागून खाली आपला कारखाना, वर घर. पुढच्या खोलीत भट्टी, मधे संगमरवरी फरशी, मागच्या भिंतीत लोखंडी आकडा. दारावर पाटी नव्हती, आजही नाही. डिझेलच्या वासातून पेपरमिंटचा वास येऊ लागला की आपलं दार आलं. घरातल्या बायकांनी गोळ्या कागदात गुंडाळायच्या आणि भट्टीपाशी पुरुषांनी राहायचं, असा तात्यांचा नेम. माझे वडील फार बोलणारे नव्हते. त्यांच्या नेमांना कारणं नसत.

तुम्ही गोळ्या गुंडाळायला बसलात. पण तुमचं लक्ष फडताळातल्या एका काचेच्या बरणीकडे होतं. त्या बरणीत बटर पेपरात गुंडाळलेला गोळीचा एकच तुकडा असायचा, बोटाएवढा. घाणा लावताना तात्या तो काढून उकळत्या साखरेत सोडत. घाणा तयार झाला, त्याचा लांब दोर ओढून झाला, की कात्री लावण्याआधी दोराचं टोक मोडून पुन्हा बरणीत ठेवत. दुसऱ्या दिवशी तेच. मी लहानपणापासून पाहत आलो होतो, त्यामुळे मी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही आल्या आठवड्यात विचारलंत.

“ते काय टाकता, मामंजी?”

“विरजण,” तात्या म्हणाले.

“साखरेला?”

“दह्याला लागतं ना. तसं. जुनी साखर नव्या साखरेला वळण लावते. नाहीतर गोळी रवाळ होते.”

तुम्ही म्हणालात, “म्हणजे सांधणी.”

तात्यांनी झारा खाली ठेवला. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. तुम्ही डोक्यावरचा पदर सावरत सांगितलंत, की तुमच्या माहेरी पैठणीचे माग आहेत. साडी उतरली, ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला, की जुन्या ताण्याची टोकं मागावर तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकाला पीळ देऊन जोडतात. तुमच्या आजोबांनी बसवलेल्या मागावर ताणा कधी तुटलाच नव्हता. साड्या निघत गेल्या, लोक लग्नात नेसत गेले, आणि मागे धाग्याला धागा जोडलेला.

तात्यांनी खांद्यावरचा पंचा काढून तुमच्यापुढे धरला. “हात कोपरापर्यंत धुऊन या.”

दादा हसला, मीही हसलो. आम्हा दोघा मुलांना त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. मला तर आकड्यापाशी उभंही करत नसत. माझे हात थंड असतात आणि त्यांनी साखर ओढण्याआधीच कडक होते, असं त्यांचं म्हणणं. मी वर्तमानपत्रात गेलो त्याची अनेक कारणं मी लोकांना सांगितली आहेत. हे त्यातलं खरं.

तुमचं साखर ओढणं मी मग कैक वर्षं पाहिलं. पाहिलं तसं लिहितो. कढईतून फरशीवर ओतलेला पाक काचेसारखा असतो, पिवळसर, आरपार. कडा थंड व्हायला लागल्या की त्या आत दुमडायच्या. त्यात लिंबूसत्त्व, पेपरमिंट. मोठ्या भागात लाल रंग मिसळायचा. लहान भाग बिनरंगाचा ठेवून आकड्यावर टाकायचा, दोन्ही हातांनी खाली खेचायचा, लोंबू लागला की उचलून पुन्हा आकड्यावर. पहिल्या काही खेचींत काहीच होत नाही. मग काच मळकट होते. मग तिच्यात रेशमासारखी एक चमक धावते. आणि मग, तुमच्या हातांखाली, आमच्या डोळ्यांदेखत, ती पांढरी होते. चांदीसारखी पांढरी. त्यात कुणी काही घातलेलं नसतं. फक्त हवा आणि हात. लाल गोळीवरचे ते पांढरे पट्टे पाहून लोक विचारायचे, कुठला रंग वापरता? आपल्या कारखान्यात पांढरा रंग कधी विकत आणला गेला नाही.

मी नंतर निवडणुका पाहिल्या, पूर पाहिले, गोदाकाठची मोठी गर्दी पाहिली, त्यावर रकाने लिहिले. अवाक होऊन उभा राहिलो तो त्या आकड्यापाशी. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हीही “बघत काय बसलात, कागद कापा” याशिवाय काही म्हणाला नाहीत.

तात्या गेल्यावर कारखाना दादाने चालवला. दादा गेल्यावर तुम्ही. दोन्ही वेळा तेराव्यापर्यंत भट्टी बंद राहिली, दोन्ही वेळा बरणीतला तुकडा टिकला, कारण तो टिकेल याची काळजी तुम्ही घेतलीत. पावसाळी हवेत गोळीला पाणी सुटतं. तुम्ही बरणीत तळाशी तांदूळ घालून वर तुकडा ठेवायच्या आणि रोज कागद बदलायच्या. दादाच्या सुतकात भेटायला आलेल्या बायका बसलेल्या असताना तुम्ही मधेच उठून खाली गेलात. बायकांना वाटलं रडायला गेली. तुम्ही कागद बदलायला गेला होतात. परत येऊन बसलात आणि मग रडलात.

मोठ्या टाळेबंदीत कारखान्याला कुलूप लागलं. गिऱ्हाईक नाही, साखर नाही, गडी गावाला. मिलिंद म्हणाला, तुकडा फ्रिजमध्ये ठेवू. तुम्ही म्हणालात, “विरजण फ्रिजमध्ये ठेवून दही लागत नाही, लावावं लागतं.” घरच्या गॅसवर, चहाच्या पातेल्यात, तुम्ही मूठभर साखरेचा घाणा लावत राहिलात. आकडा खाली कुलपात होता, तर दाराच्या कडीवर ओढत होतात. त्या गोळ्यांचं करायचं काय? एका दुपारी तुम्ही पिशवी घेऊन द्वारका चौकात नाकाबंदीवर गेलात. तिथला हवालदार म्हणाला, “काकू, पास आहे का बाहेर पडायचा?” तुम्ही पिशवी पुढे केलीत. “पास नाही. गोळी आहे. घसा बसलाय तुमचा ओरडून.” त्याने एक घेतली, मास्क खाली केला, आणि बाकीच्यांना हाक मारली. घरी येऊन तुम्ही मला फोनवर सांगितलंत, “आजच्या घाण्याला गिऱ्हाईक मिळालं, भाऊजी. वर्दीतलं.”

आता आपल्या भांडणाकडे येतो, कारण ते अर्धं राहिलं आहे.

रविवारच्या पुरवणीसाठी मी आपल्या कारखान्यावर लिहिलं होतं. तुम्ही तो लेख चष्मा लावून, भट्टीजवळ उभ्या राहून वाचलात. विरजणाच्या परिच्छेदापाशी थांबलात. मी लिहिलं होतं: ‘पहिल्या दिवसाच्या गोळीचा अंश आजच्या गोळीत आहे, असे कुटुंबीय सांगतात.’

“कुटुंबीय म्हणजे कोण?” तुम्ही विचारलंत.

“तुम्ही. दादा. तात्या.”

“आणि तुम्ही?”

“मी लिहिणारा आहे, वहिनी. जे तपासता येत नाही ते ‘सांगतात’ म्हणूनच लिहायचं असतं.”

“तुमच्या पेपरात सगळंच ‘समजते’ आणि ‘कळते’. कुणाला काही दिसत म्हणून नाही.”

मग मी हिशेब मांडला. रोज तेवढासा तुकडा एवढ्या मोठ्या घाण्यात पडतो. थोड्याच दिवसांत मागच्याचं काही उरत नाही. तात्यांच्या पहिल्या साखरेचा कणही आज बरणीत नसणार. शिवाय आता ग्लुकोज घालतो, त्यामुळे गोळी रवाळ होत नाही. विरजणाची गरजच नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “मागावर माझ्या आजोबांच्या हातचा धागा कुठंय आता? तरी माग तोच ना?” मी म्हणालो, “मग हा एकच तुकडा एवढा का जपता? त्याच दोराच्या बाकीच्या गोळ्याही तेच आहेत. दुकानात गेलेल्या, पोरांच्या खिशातल्या. तुमच्या हिशेबाने सगळंच विरजण झालं.”

तुमच्या हातात चहाचा कप होता. तो तसाच धरून तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. काहीतरी बोलणार होतात. मग म्हणालात, “चहा गार होतोय.”

तो विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत. मला वाटलं, मी जिंकलो.

शेवटचा घाणा तुमच्या देखरेखीखाली लागला तेव्हा तुम्ही आकड्यापाशी खुर्ची टाकून बसला होतात. दम लागत होता. ओढत मिलिंद होता. त्या दिवशी लाल रंग संपला आणि त्याने नारिंगी घातला. तुम्ही त्याला असं झापलंत की गल्लीतला मेकॅनिक डोकावून गेला.

“तात्यांपासून पट्टेवाली गोळी लाल. तू काय संत्र्याचं दुकान काढलंस?”

“आई, चव तीच आहे.”

“पोरं चव नंतर बघतात. आधी जीभ लाल झाली का बघतात.”

तो घाणा उतरला, दोराचं टोक बरणीत गेलं, गोळ्या बाहेरगावच्या दुकानांना गेल्या. त्यानंतर तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं, कारखाना बंद झाला, आणि मिलिंदने उरलेला सगळा माल विकून टाकला. बरणीतल्या तुकड्याचा कागद मात्र तो रोज बदलत होता. तुम्ही दवाखान्यातून फोन करून विचारत होतात म्हणून. शेवटी तुम्हाला घरी आणलं.

मंगळवारी सकाळी तुमचा श्वास बदलला तेव्हा मी गोदावरीच्या पाण्याचा गडू शोधत होतो. तुळशीचं पान शेजारच्यांनी आणलं. मिलिंद एकदम उठून खाली पळाला. आठवडाभर तुम्ही औषधांनी तोंड कडू झाल्याचं सांगत होतात, ते त्याच्या डोक्यात होतं. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात नारिंगी तुकडा होता. त्याने त्याचा एक कण मोडून तुमच्या जिभेवर ठेवला. उरलेला तुकडा तुमच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. मिलिंद म्हणतो, तुम्ही चघळलंत. मी तसं पाहिलं नाही. ओठ हलले, एवढं पाहिलं.

ती मूठ नंतर कुणी उघडली नाही. अंघोळ घालणाऱ्या बायकांनीही नाही. तसंच तुम्हाला अमरधामच्या स्मशानात नेलं.

परत आल्यावर मिलिंद हातपाय धुऊन कारखान्यात गेला आणि बराच वेळ वर आला नाही. मी खाली गेलो तर तो फडताळासमोर उभा. बरणीत फक्त तांदूळ.

“काका,” तो म्हणाला, “विरजण गेलं.”

दुसऱ्या कुठल्या घरात हे घडलं नसतं. मरणाऱ्याच्या तोंडात लोक सोन्याचा कण घालतात. आपल्या घरी सोन्याहून जपलेली वस्तू ती होती, म्हणून त्याने ती दिली. हात आपोआप तिकडे गेले. माझ्यासमोर दिली आणि मलाही सुचलं नाही.

दहाव्याला आम्ही घाटावर गेलो. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाई तृप्त गेल्या. मिलिंद म्हणाला, “तृप्त काय. तात्यांपासूनचं मी एका मिनिटात संपवलं.” त्या संध्याकाळी त्याने मला सांगितलं की तेराव्यानंतर भट्टी लावायची नाही असं त्याने ठरवलंय. नवी साखर घेऊन गोळी होईल, पण ती आपली नसेल. दुसऱ्या कुणाचीही असेल. मी त्याला ग्लुकोजचं सांगणार होतो. हिशेब मांडणार होतो. मग माझं मलाच आठवलं, तुमच्या हातात कप होता तेव्हा मी काय बोललो होतो ते.

दुकानात गेलेल्या. पोरांच्या खिशातल्या.

मी फोन करायला बसलो. शहरातल्या दुकानांत काही उरलेलं नव्हतं. येवल्यात तुमच्या भावाच्या ओळखीच्या दुकानात होत्या, त्या आठवड्यापूर्वी संपल्या. शेवटी नांदगावच्या बाजारातले रफिकभाई. त्यांच्या वडिलांपासून ते आपल्याकडून माल नेतात. तुमचं मी त्यांना सांगितलं.

मी विचारलं, “पट्टेवाल्या गोळ्या आहेत का हो शिल्लक? शेवटच्या खेपेतल्या?”

“लाल संपल्या साहेब. नारिंगी आहेत थोड्या. आमच्याकडची पोरं घेतच नाय ना. म्हणतात, चाचा, ही डुप्लिकेट आहे, जीभ लाल नाय होत.” मग घाबरून म्हणाले, “परत नाय करत हां. असंच सांगितलं.”

मी त्यांना विचारलं, नक्की नारिंगीच ना. पांढरा पट्टा आहे का. कुठल्या खेपेबरोबर आल्या. त्यांनी दिवस सांगितला. मिलिंदला वेगळं विचारलं. त्यानेही तोच सांगितला. नारिंगी घाणा आपल्याकडे एकदाच लागला होता. तुमच्याइतकं त्यावर दुसरं कुणी चिडलं नव्हतं.

“एसटीने पार्सल टाकाल का?” मी म्हटलं.

“बाईंचा माल आहे. पार्सल कशाला? मी येतो.”

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकभाई द्वारकेला उतरून चालत आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत त्यांच्या दुकानातली बरणीच. गोळ्यांना पाणी सुटून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. ते सारखं म्हणत होते, “खराब झाल्यात हो. चालतील का?” मिलिंदने बरणी उजेडात धरली. ती तो खाली ठेवेचना. रफिकभाईंनी मला हळूच विचारलं, “आजारी आहे का पोरगा?”

मी त्यांना विरजणाचं सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. ऐकून ते पायरीवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “म्हणजे एवढी वर्षं आमच्या बरणीत पण ते होतं?”

तेव्हा मला कळलं, वहिनी, तुम्ही त्या दिवशी चहाच्या कपापाशी का थांबला होतात ते. किंवा कळलं असं वाटतं. तुम्ही हरला नव्हतात. एक तुकडा जपताना तुम्ही सगळ्या दुकानांतल्या, सगळ्या खिशांतल्या गोळ्या जपत होतात, आणि त्या तुम्हाला जपत होत्या. नाशिकपासून नांदगावपर्यंत, शाळेबाहेरच्या बरण्यांत, एसटी स्टँडच्या टपऱ्यांवर, हवालदाराच्या गालात, तात्यांच्या पहिल्या घाण्याची सांधणी पसरलेली होती, आणि आम्ही फडताळात बघत होतो. मी ते हिशेब म्हणून बोललो होतो. तुम्हाला ते दिसलं असावं. तुम्ही तसं म्हणाला असतात तर मी ‘असे त्या सांगतात’ म्हणून लिहिलं असतं. म्हणून बोलला नाहीत का? हे विचारायचं राहिलं.

त्या सकाळी जे पाहिलं ते असं. मिलिंदने भट्टी पेटवली. लाल रंगाची नवी बाटली मी आणली होती. साखर उकळायला लागल्यावर त्याने रफिकभाईंना बरणी पुढे करायला सांगितली, आणि त्यांनी चिकटलेला नारिंगी गोळा स्वतःच्या हाताने कढईत सोडला. पाकाचा थेंब गार पाण्यात कडकन मोडला. फरशीवर ओतला तेव्हा तो आरपार होता. मिलिंदने आकड्यावर टाकलेला भाग मळकट झाला, मग रेशमासारखा, मग पांढरा. दोर ओढून झाल्यावर, कात्री लावण्याआधी, त्याने टोक मोडून बटर पेपरात गुंडाळलं आणि बरणीत ठेवलं.

रफिकभाई नव्या घाण्याच्या लाल गोळ्या घेऊन दुपारच्या गाडीने नांदगावला गेले.

बरणीचं झाकण मी लावलं.